खबर निघण्याआधी

लताबाई हाक मारायची आणि मेलेलं माणूस उठून बसायचं. ज्यांनी ते करून घेतलं ते सोडले, तर अख्ख्या नाशकात हे तीन जणांना माहीत होतं. एक ती स्वतः, दुसरा जमिनींची दलाली करणारा गोरक्ष, आणि तिसरी रोशनबी. रोशनबी जुन्या नाशकातल्या मुसलमान वस्तीत बायकांच्या मयताला शेवटची आंघोळ घालायची, ज्याला त्यांच्यात गुसल म्हणतात.

लताबाई द्वारका चौकाच्या पुढे एका खाजगी दवाखान्यात मॉर्च्युरीला कामाला होती. मयत आत घेणं, धुणं, चादरीत बांधणं, नातेवाईक आले की चेहरा उघडून दाखवणं. हे काम तिला जड गेलं नाही. जड गेलं ते दुसरं.

ते दुसरं तिला बापाकडून आलं होतं. कळवणकडच्या एका खेड्यात तिच्या आज्या-पणज्यांकडे मरणाची खबर पोहोचवायचं काम होतं. गावात कोणी गेलं की यांच्यातल्या एकाने काठी घेऊन निघायचं, उन्हातान्हात गावं पालथी घालायची, सोयऱ्याधायऱ्यांच्या दाराबाहेर उभं राहून सांगायचं आणि बाहेरूनच परतायचं. निघण्याआधी मात्र एक रीत होती. आधी मयताच्या कानात सांगायचं, बाबा, तू गेलास, तुझी खबर घेऊन निघतो. तेवढं ऐकलं की मयत शांत राहायचं. ही रीत उलटीही करता येत होती. कानात सांगायचं, तुझी खबर अजून निघालेली नाही, ऊठ. मग ते उठायचं, चालायचं, उठवणारा सांगेल ते करायचं. अट एकच होती. रक्ताचं एक तरी जाणतं माणूस असं हवं, ज्याला अजून कळलेलं नाही. त्याच्या कानावर खबर पडली की मयत पुन्हा मयत. आणि एकदा पडलं की दुसऱ्यांदा उठत नाही.

लताबाईचा बाप सहादू याने दीक्षा घेतली त्या दिवशी ती काठी चुलीत घातली. नाशिकरोडला कॉलनीत आला, शाळेत शिपाई झाला, दर रविवारी विहारात जाऊ लागला. मरायच्या आठवडाभर आधी त्याने लेकीला जवळ बसवून हे सगळं सांगितलं आणि लगेच बजावलं, "सांगितलं ते माहीत असावं म्हणून. करायचं नाय. त्या कामातून आपण लय मुश्किलीनं बाहेर आलोय."

तिने केलं. नवरा सावळीराम उड्डाणपुलावर ट्रकखाली गेला आणि तिच्याच टेबलावर आला, तेव्हा केलं. मुलगा सनी तेव्हा पुण्याला परीक्षेला गेला होता, त्याला काही कळलेलं नव्हतं. तिला नवऱ्याकडून काही नको होतं. थोडा वेळ शेजारी बसावा, इतकंच. तो बसला. नेमका त्याच वेळी गोरक्ष कुणाच्या तरी मयताची चौकशी करायला आला होता. दार लोटलेलं होतं, पण नीट लागलेलं नव्हतं.

गोरक्षने आरडाओरडा केला नाही. आठ दिवसांनी तो घरी आला, सावळीरामच्या फोटोला हार घातला, आणि सनीला आपल्या गंगापूर रोडच्या ऑफिसात कामाला ठेवून घेतो म्हणाला. सनी दोन वर्षं रिकामा बसून होता. तिला काय मागितलं जाणार आहे हे ती समजली, आणि तरी तिने चहा ठेवला.

त्यानंतर चार वर्षं तेच चाललं. एखादा म्हातारा सही न करता जायचा. ज्या वारसाला कागद हवा असायचा तो गोरक्षला फोन करायचा. बाकीच्यांना कळायच्या आत लताबाई मयत उठवायची, आणि त्याला गाडीत घालून रजिस्ट्री ऑफिसात न्यायचे. थंड अंगठा मशीन घेत नाही हे पहिल्याच वेळी कळलं. तेव्हापासून बाहेरच्या टपरीवर चहाचा गरम ग्लास मयताच्या मुठीत धरून ठेवायचे. मग फोटो निघायचा, कागदावर शाईचा अंगठा उठायचा, संध्याकाळी दाखल्यावर मरणाची वेळ टाकली जायची. लताबाईचे हात नंतर आठवडाभर बधिर असायचे आणि जेवणाला चव लागायची नाही. सनी मात्र अंगाने भरला होता, त्याने मोटारसायकल घेतली होती.

रोशनबीला कळलं ते शाईमुळे. मॉर्च्युरीतच एका म्हातारीला गुसल देताना तिने डावा हात धुतला आणि थबकली. "लता, हिला मरून पाच तास झाले म्हणतेस. मग अंगठ्याची शाई ओली कशी?"

रोशनबीने तो अंगठा साबणाने घासून घासून स्वच्छ केला. काम झाल्यावर दोघी नेहमीसारख्या मागच्या पायरीवर चहा घेत बसल्या. रोशनबी म्हणाली, "मेलेल्याला एकच गोष्ट हवी असते. आता कुणी काही मागू नये." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. कुणाला सांगितलंही नाही. लताबाईला शहरात मैत्रीण म्हणावी अशी ती एकटीच होती.

आणि मार्चमधल्या एका सकाळी दहा वाजता स्ट्रेचरवरची चादर लताबाईने बाजूला केली, तर खाली रोशनबी होती.

स्ट्रेचरपाशी तिचा मुलगा फरहान उभा होता, तोंड कोरडं पडलेलं. त्याच्या मागे गोरक्ष.

"हार्ट," गोरक्ष म्हणाला. "नऊ वाजता. दुपारी एकचं टोकन आहे. आठ दिवसांपूर्वीच घेऊन ठेवलं होतं, म्हातारी आज ना उद्या ऐकेल म्हणून. बक्षीसपत्र आहे, घर फरहानच्या नावावर. गल्लीतली बाकीची सगळी घरं बिल्डरकडे आली, हे एकच राहिलंय."

"निलोफर?" लताबाईने विचारलं. निलोफर ही रोशनबीची मुलगी. नवऱ्याने सोडल्यापासून ती आपल्या आठ वर्षांच्या अलिशाला घेऊन आईकडेच राहत होती आणि अंबडला एका कारखान्यात पॅकिंगचं काम करत होती.

"ती पहिल्या पाळीला. साडेतीनला सुटते. तिला कळवलेलं नाही," गोरक्ष म्हणाला. "म्हणून तर तुझ्याकडे आलो."

"मी हिला नाही उठवणार."

गोरक्षने घड्याळ पाहिलं. "सनीला आज साइटवर पाठवलंय. चांगला चाललाय पोरगा. चार कागदांवर साक्षीदार म्हणून त्याचीच सही आहे, माहितीय ना तुला? ज्या कागदांसाठी तू माणसं आणलीस, त्यांच्यावर."

तिला माहीत नव्हतं. तिने फरहानकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या नोटिशी वाचत होता.

दोघांना बाहेर काढून तिने दार लावलं, या वेळी नीट. रोशनबीच्या कानाशी ती वाकली. हा कान तिने कितीदा पाहिला होता, छोट्या चांदीच्या बाळीचा. "आपा," ती म्हणाली, "तुमची खबर अजून निघालेली नाही. उठा."

रोशनबी उठून बसली. इकडेतिकडे पाहून म्हणाली, "तू होय. वाटलंच."

गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी गोरक्ष सतत फोनवर होता. फरहान आईबरोबर गाडीत बसायला तयार नव्हता, तो मोटारसायकलने पुढे गेला. मागच्या सीटवर या दोघी. द्वारकेच्या सिग्नलला गाड्या तुंबल्या होत्या. रिक्षावाले हॉर्न देत होते, ऊन काचेतून रोशनबीच्या मांडीवर पडलं होतं आणि तिचा हात त्या उन्हातही गार होता.

मयत आपणहून फारसं बोलत नाही. विचारलं तर बोलतं, आणि खरं बोलतं. लताबाईने कधीच कुणाला काही विचारलं नव्हतं. आज तिने हळूच विचारलं, "आपा, त्रास झाला का फार?"

"छातीत कळ आली. निलोफर गेली होती. अलिशा शाळेत. फरहान खुर्चीवर होता, त्याला म्हटलं, डॉक्टरला बोलाव. त्याने मोबाइल खाली ठेवला. मग पुन्हा उचलला आणि ह्याला लावला." तिने पुढच्या सीटकडे मान हलवली. "हा काय बोलला ते ऐकू आलं नाही. फरहान परत खुर्चीवर बसला."

"घाबरला असेल तो."

"घाबरलेलं पोर आईकडे बघतं. तो दाराकडे बघत होता, कुणी येतंय का." तिच्या आवाजात राग नव्हता. गल्लीत कालचं पाणी किती वाजता आलं ते सांगावं तसं ती सांगत होती. "अर्धा तास लागला मला. तेवढा वेळ बसला तो."

लताबाई खिडकीबाहेर बघत राहिली. आजवर जे आले ते कसे गेले होते, हे तिने का विचारलं नाही, हे तिला त्या सिग्नलला कळलं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

रजिस्ट्रीत गर्दी होती. टपरीवर चहाचा ग्लास झाला, अंगठा गरम झाला. नंबर लागल्यावर चौघं आत गेले. टेबलामागचा अधिकारी तरुण होता, चष्मा लावलेला. त्याने कागद चाळले, कॅमेरा सरळ केला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "आजी, घर मुलाला बक्षीस देताय. राजीखुशीने ना? कुणाची जबरदस्ती नाही ना?"

इथे लताबाई दरवेळी मयताच्या खांद्यावर हात ठेवून पुटपुटायची, हो म्हणा. आणि मयत हो म्हणायचं.

तिने हात ठेवला. गोरक्ष तिच्याकडेच पाहत होता.

"आपा," ती म्हणाली, "तुमच्या मनात असेल ते बोला."

रोशनबीने अधिकाऱ्याकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "मला द्यायचं नाही. घर माझ्या लेकीचंही आहे."

गोरक्ष हसून म्हणाला, "साहेब, वयामुळे होतं असं, मी समजावतो." पण अधिकाऱ्याने कागद बाजूला सारले. "त्या नाही म्हणतायत, मला नोंदवता येणार नाही. पुढचं टोकन बोलवा."

एवढंच झालं. लताबाईला वाटत होतं काहीतरी मोठं होईल. पुढचं टोकन एका नवराबायकोचं होतं, फ्लॅटचे कागद घेऊन ती दोघं खुर्च्यांवर बसलीसुद्धा.

बाहेर आवारात गोरक्ष शांतपणे म्हणाला, "सनीला उद्यापासून येऊ नको म्हणावं. दवाखान्यातही मी बोलतो." मग फरहानला बाजूला घेऊन तो काहीतरी समजावू लागला. फरहान मान खाली घालून ऐकत होता. त्यांच्या शेजारून जाताना रोशनबी मुलापाशी थांबली. लताबाईने तिला थांबायला सांगितलेलं नव्हतं.

"फरहान," ती म्हणाली, "जेवलास का?"

फरहान मोटारसायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

लताबाईने तिला तिथूनच परत न्यायला हवं होतं. मॉर्च्युरीत, टेबलावर, बापाने सांगितलेली सरळ रीत करून तिला शांत करायला हवं होतं. पण रिक्षात बसल्यावर रोशनबी म्हणाली, "निलोफरला एकदा बघू दे." आणि लताबाईने रिक्षावाल्याला गल्लीचं नाव सांगितलं. चार वर्षं पोरांना कागदांसाठी त्यांच्या आईबापांची मयतं दिली होती. एकदा एका लेकीला तिची आई द्यावी, तासभर का होईना, असं तिला वाटलं. ते चांगलं काम आहे असंच तिला वाटलं.

अलिशा शाळेतून आली होती. नानीच्या मांडीला टेकून ती पाढे लिहीत बसली. चारला निलोफर आली, लताबाईला पाहून हसली. "मावशी, आज इकडे कशा? अम्मी, तू कामावर गेली होतीस का? चेहरा बघ कसा झालाय." तिने आईचा हात हातात घेतला. "केवढा गार पडलाय हात. थांब, चहा टाकते."

आल्याचा वास खोलीभर झाला. निलोफरने कप आईच्या हातात दिला आणि समोर जमिनीवर बसून कारखान्यातली सुपरवायझर काय म्हणाली ते सांगू लागली. रोशनबी लेकीकडे बघत होती. मग मध्येच म्हणाली, "निलू, घराच्या कागदावर सही करू नकोस. कुणीही सांगितलं तरी."

"भाईजान परत काही बोलला का?"

तेवढ्यात निलोफरचा फोन वाजला. तिने नाव बघितलं. "त्याचाच आहे."

लताबाई उठली. तिला फोन हिसकावून घ्यायचा होता. पण निलोफर तोवर बोलू लागली होती. "काय? काय बोलतोयस तू? सकाळी नऊ वाजता? अरे, अम्मी माझ्या समोर बसलीय, चहा पितेय."

कप रोशनबीच्या हातातून पडला. ती बसल्या जागी मागे गेली, आणि सकाळपासून थांबलेलं सगळं एका क्षणात तिच्या अंगात आलं. हात कडक झाले. जबडा आवळला. नखं निळी पडली. अलिशा पाढ्यांची वही घेऊन भिंतीकडे सरकली.

निलोफरने आईला हलवलं. ताठ झालेलं कोपर तिने वाकवून बघितलं. ते वाकलं नाही. गुसलवालीची मुलगी होती, आत्ता गेलेलं माणूस कसं असतं ते तिला माहीत होतं.

"मावशी, अम्मी कधी गेली?"

"सकाळी."

"मग मी चहा कुणाला दिला?"

लताबाईने सगळं सांगितलं. कागद, रजिस्ट्री, आई नाही म्हणाली ते. फरहान खुर्चीवर बसून होता, हे तेवढं तिच्याने सांगवलं नाही.

निलोफरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही माझ्या आईला बिना गुसलची, मेलेली, बाजारातून फिरवलीत," ती म्हणाली. "ऑफिसात उभी केलीत. आणि मग माझ्यासमोर आणून बसवलीत. मी तिला सुपरवायझरच्या गोष्टी सांगत होते."

"तिलाच तुला बघायचं होतं, बेटा."

"आणि मला? मला कुणी विचारलं?"

गल्लीतल्या बायका जमू लागल्या. मोठ्या भांड्यात पाणी तापलं. जन्मभर दुसऱ्यांना गुसल देणाऱ्या बाईला आता कोण देणार, यावर दोघीतिघी कुजबुजल्या. निलोफर म्हणाली, मीच देणार. लताबाईने नळाखालची बादली उचलली, निदान पाणी तरी न्यावं म्हणून. निलोफरने ती तिच्या हातातून काढून घेतली. "तुमचा हात नको लागायला तिला."

लताबाई गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. जनाजा तिच्या समोरून गेला. पुढचा खांदा फरहानचा होता आणि तो ढसढसा रडत होता. लोक त्याला धीर देत होते.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. दवाखान्याने तिला काढलं. सनीला कामावरून काढलं तेव्हा त्याने आईला कारण विचारलं. तिने खरं सांगितलं, साक्षीदाराच्या सह्यांसकट. तो म्हणाला, "तुला आत्ताच शहाणपण सुचायचं होतं?" आणि महिन्याभरात भोसरीला निघून गेला. फोन करतो, दिवाळीला. गोरक्षला सुरगाण्याकडचा कोणी माणूस सापडला आहे म्हणे, तो जास्त विचार करत नाही. घराचं काम तर आणखीच सोपं झालं. रोशनबीनंतर वारस दोघंच, फरहान आणि निलोफर. मे महिन्यात दोघांनी सह्या केल्या. पावसाळ्याआधी घर पाडलं.

लताबाई आता एका मंगल कार्यालयात भांडी घासते. डिसेंबरात, लग्नसराईतल्या एका दुपारी, निलोफर तिला शोधत तिथे आली. मागच्या अंगणात पातेल्यांच्या ढिगापाशी ती उकिडवी बसली. वाळली होती. फरहानने घेतलेल्या भाड्याच्या घरात आम्ही राहतो, म्हणाली, नव्या बिल्डिंगमध्ये खोली मिळेपर्यंत. बिल्डिंगचा पाया अजून झाला नव्हता.

"सही करू नको म्हणाली होती अम्मी," निलोफर म्हणाली. "केली. त्या खोलीत मला चहाचा वास यायचा. अलिशा आत पाऊल टाकेना."

लताबाईने हात पदराला पुसले. "पोर कशी आहे?"

"आता परत बोलायला लागलीय थोडंथोडं." निलोफर जरा जवळ सरकली. "मावशी, एक विचारायला आले. त्या दिवशी गाडीत अम्मी तुमच्याजवळ होती. भाईजानबद्दल काही बोलली का ती?"

लताबाईने तिच्याकडे पाहिलं. तिच्या चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला होता. या बाईला आज संध्याकाळी त्याच घरात परत जायचं आहे, त्याच माणसाला ताट वाढायचं आहे. खरं सांगून तिचं काय भलं होणार होतं?

"नाही," लताबाई म्हणाली. "तुझीच आठवण काढत होती. तुझी आणि अलिशाची."

निलोफरने मान हलवली. जमिनीवरची काडी उचलून तिचे तुकडे केले.

"त्याने मला स्वतःच सांगितलं," ती म्हणाली. "दोन महिने झाले. रडत सांगितलं, पायावर डोकं ठेवून. तिला मरू दिलं म्हणाला. मी भाजी चिरत होते. चिरतच राहिले. जाणार कुठे पोरीला घेऊन?"

"मग मला कशाला विचारलंस?"

"या सगळ्यात एक तरी माणूस माझ्याशी खरं बोलतंय का, ते बघायचं होतं."

ती उठली, ओढणी सारखी केली, आणि आचाऱ्यांच्या चुली ओलांडून मागच्या फाटकाने निघून गेली. लताबाईला तिला हाक मारायची होती. आत पंगत उठली होती, आणि वाढपी खरकट्या ताटांचे ढीग तिच्यापुढे आणून ठेवत होते.